तीन नंबरची डावी बाजू

मंगळवार, ३ मार्च

वर्कशॉपच्या नोंदवहीत 'ॲक्सल तुटला, बदलला' एवढंच लिहायचं असतं. शिव्यांसाठी तिथे रकाना नाही. म्हणून ही वही.

तीन नंबरच्या गाडीचा मागचा डावा ॲक्सल आज पुन्हा तुटला. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. ॲक्सल म्हणजे काही सेफ्टी पिन नव्हे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा आहे तो, अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात जेमतेम मावेल एवढा जाड. असा दांडा आपणहून मोडत नाही, कोणीतरी मोडतो. आणि तो कोणीतरी माझ्याच घरात राहतो आणि माझ्याच समोर बसून जेवतो.

आमच्या दवाखान्याच्या चार गाड्या डोंगरातल्या वस्त्यांवर जातात. चारही चाकांना जोर देणाऱ्या, कारण वर रस्ता असा नाहीच. नदीचं कोरडं पात्र, मग सुटी खडी, मग नुसता चढ. जाताना सिस्टर आणि औषधं, येताना पेशंट. अकरा वर्षं मी इथली हेड मिस्त्री आहे. तीन नंबर माझा नवरा चालवतो.

"क्लच सोडताना झटका देतोस तू," मी म्हटलं.

"नाही देत."

"मग काय भुताने तोडला?"

"गाडी मागून डावीकडे बसल्यासारखी चालते. एकदा बघ ना नीट."

ॲक्सल तोडायचा आणि वर मिस्त्रीला गाडी शिकवायची! मी त्याला चांगलंच झापलं. घरी आल्यावरही थांबले नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, जेवताना तरी तो पाना खाली ठेव." ठेवला. पण आपटूनच ठेवला.


शनिवार, १४ मार्च

आज दुसऱ्या दवाखान्याची माणसं आमचं काम बघायला आली होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, त्यांना घेऊन थेट वर्कशॉपमध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही आमची जादूगारीण."

मग नोव्हेंबरची गोष्ट सांगितली. उतारावरून एक धोंडा गडगडत आला आणि तीन नंबरच्या मागच्या बाजूवर बसला. ॲक्सल ज्या जाड लोखंडी नळीत फिरतो, जिला आम्ही हाउसिंग म्हणतो, ती नळीच वाकली. नवी यायला दोन महिने लागणार होते. मी ती तापवली, दाबून सरळ केली, जिथे चिरली होती तिथे वेल्डिंग केलं आणि चौथ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर काढली. पाहुण्यांनी खाली वाकून वेल्डिंग बघितलं. शिंप्याच्या टिपेसारखा सरळ टाका आहे माझा. बघणारच.

टाळ्या वाजल्या. नवऱ्यानेही वाजवल्या. पण पाहुण्यांची पाठ फिरते न फिरते तोच जवळ येऊन म्हणतो, "मागचा डावा टायर आतल्या बाजूने जास्त झिजतोय. बघितलास?"

माझं कौतुक झालं की याला नेमके टायर आठवतात. 'बघते' म्हटलं. टायरची उजवी-डावी अदलाबदल करून टाकली आणि विषय संपवला.


मंगळवार, ३१ मार्च

आजकाल काही तुटलेलं नाही. देवाची कृपा की नवऱ्याची, कोण जाणे.

सकाळी म्हणतो, "एक दिवस गाडी जॅकवर घे. मागची बाजू मोजून बघ. मला बरं वाटत नाही."

"तुला बरं वाटत नाही तर दवाखाना समोर आहे," मी म्हटलं. बाकीच्या तिन्ही गाड्या बाहेर, लसीकरणाचा आठवडा, आणि याला गाडी मोजायची आहे! काही न बोलता चावी घेऊन गेला. त्याचं हे न बोलणंच मला जास्त झोंबतं. भांडायचं तर भांडावं ना माणसाने.


गुरुवार, ९ एप्रिल

  जे झालं ते लिहून काढते.

तीन नंबर आज वरच्या वस्तीवरून एका म्हातारीला आणत होती. पडून खुब्याचं हाड मोडलेलं, स्ट्रेचरवर बांधलेली. वाटेत एक ओढा उतरून पलीकडचा चढ चढायचा असतो. त्या चढाच्या मध्यावर ॲक्सल तुटला. तोच, मागचा डावा. बंदुकीसारखा आवाज झाला म्हणे.

या गाड्यांचा हँडब्रेक चाकावर लागत नाही. तो मध्ये, गियरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर लागतो. मागचा ॲक्सल तुटला की त्याचा मागच्या चाकांशी संबंधच संपतो. उरली पुढची चाकं, ती चढावर हलकी, खाली सुटी खडी. हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे सरकायला लागली. नवऱ्याने पायाचा ब्रेक दाबून धरला आणि सिस्टरना ओरडून सांगितलं, मागच्या चाकाला दगड लावा.

सिस्टर उतरल्या. दगड लावत असतानाच गाडी वीतभर घसरली. त्यांचा उजवा हात चाक आणि दगडाच्या मध्ये आला.

हात ओढणीत गुंडाळून ती बाई तास-सव्वा तास चालत खालच्या वस्तीवर गेली, तिथून आम्हाला फोन आला. मी दोन नंबर घेऊन निघाले. चालवायला होता आमचा सगळ्यात सावकाश ड्रायव्हर, ज्याला सगळे गोगलगाय म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'पळव' म्हटलं असेल.

आम्ही पोचलो तेव्हा नवरा तसाच बसलेला होता, पाय ब्रेकवर. अडीच तास. दगड एकच लागलेला, तोही खडीत रुतत चाललेला. ब्रेक सोडला असता तर गाडी, म्हातारी आणि तो, तिघंही थेट ओढ्यात. मागे म्हातारी कण्हत होती आणि हा तिला विचारत होता, "मग पुढे काय झालं आजी? तुमच्या धाकट्या दिराने म्हैस परत दिली की नाही?"

दोन नंबर वरच्या बाजूला, गाडीच्या पुढे लावून साखळी बांधली, चाकांना ठोकळे दिले. मग मी त्याच्या दाराशी गेले. त्याला पाय उचलता येईना. दोन्ही हातांनी मांडी धरून त्याने तो बाहेर काढला.

मी विचारलं, "किती रेस दिली होतीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं.  मग लंगडत म्हातारीच्या स्ट्रेचरकडे गेला.

सिस्टरची दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.


शुक्रवार, १० एप्रिल

मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मला म्हणाल्या, कारण लेखी द्या. मी दिलं. 'चालकाने चढावर गरजेपेक्षा जास्त जोर देऊन झटक्याने क्लच सोडल्यामुळे ॲक्सल तुटला.' नवरा आहे म्हणून पाठीशी घातलं असं कोणी म्हणायला नको.

बाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"गाडीबद्दल जे सांगायचं ते मी वर्कशॉपला वेळोवेळी सांगितलंय."

"मग वर्कशॉप काय म्हणतं?"

"वर्कशॉप माझी बायको आहे," तो म्हणाला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अशा वेळी विनोद सुचतो या माणसाला! सिस्टर आत पडलेल्या, हाताला एवढं मोठं बँडेज, आणि हा बायकोवरून विनोद करतो!

त्याला गाडीवरून काढलं. उद्यापासून औषधांची खोकी उचलायची आणि फाटकावर नोंद ठेवायची. सतरा वर्षं गाडी चालवणारा माणूस. घरी सासूबाईंनी माझ्या ताटात वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. वाढण्याच्या आवाजावरून कळतं सगळं.

मी खरं तेच लिहिलं. खरं लिहायला मन घट्ट करावं लागतं. करते.


सोमवार, २० एप्रिल

तुटलेले तिन्ही ॲक्सल घेऊन टर्नरकाकांकडे गेले. हे आमच्याकडे लेथवर होते, आता घरी असतात. मला पान्याचे नंबर त्यांनीच शिकवले. म्हटलं, यांच्या तोंडून ऐकलं की घरातली तोंडं गप्प होतील.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडे उन्हात धरले. "झटक्याने तुटलेलं पोलाद पिळवटतं, पोरी. टोकाचे दात कपडा पिळल्यासारखे तिरके होतात. इथे पीळ कुठाय?" मग तुटलेल्या तोंडावर नख फिरवलं. "या रेघा बघ. शिंपल्यावर असतात तशा, एकापुढे एक. हा एका दिवसात तुटलेला नाही. रोज थोडा थोडा तुटत होता. कोणीतरी याला रोज वाकवत होतं."

म्हणजे माझंच खरं! एक दिवस नव्हे, रोजच वाईट चालवत होता. घरी येऊन मी तसं सांगितलंही. तो कपडे वाळत घालत होता. एक शर्ट झटकला आणि म्हणाला, "काका अजून काय म्हणाले?"

"एवढंच."

"एवढंच," तो म्हणाला, आणि पुढचा शर्ट घेतला.


शुक्रवार, १ मे

गोगलगाय तीन नंबर चालवतो आहे. एकवीस दिवस झाले, काहीही तुटलं नाही. मी हे जेवताना दोनदा म्हणून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "हो हो, ऐकलं. भिंतींनीसुद्धा ऐकलं."

नवरा आता माझ्याशी कामापुरतंच बोलतो. फाटकावरच्या नोंदी मात्र छापल्यासारख्या. खोकी उचलून खांदा धरलाय, पण सांगत नाही. मी मलम पुढे ठेवलं. त्याने लावलं नाही. नको तर नको.


मंगळवार, १९ मे

तुटला.

गोगलगायकडून तुटला. मागचा डावा. आणि चढावर नाही, ओढ्यात नाही. फाटकापासून दोनशे पावलांवर, सपाट डांबरी रस्त्यावर, रिकाम्या गाडीत. हा माणूस गाडी अशी चालवतो की शेजारून बाया चालत पुढे जातात!

मी पहिल्यांदा भांडारवाल्याच्या अंगावर गेले. खोटा माल आणतोस, लोकांच्या जिवाशी खेळतोस, असं भर दुपारी बडबड बडबडले. त्याने शांतपणे वही उघडून दाखवली. त्याच खोक्यातले ॲक्सल एक आणि चार नंबरला दोन वर्षं चालू आहेत.

मग गोगलगायच्या अंगावर गेले. तो रडकुंडीला आला. "ताई, मी दुसऱ्या गियरमध्येसुद्धा नव्हतो."

मग कोणाच्या अंगावर जाऊ? कोणी उरलंच नाही.

फाटकावर नवरा उभा होता. त्याने वहीत वेळ लिहिली. माझ्याकडे बघून हसला असता तरी चाललं असतं. तो हसलासुद्धा नाही.


बुधवार, २० मे

आज सगळ्यांना वर्कशॉपबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. नवा ॲक्सल घातला, गाडी सपाट फरशीवर घेतली. मागच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्या बाजूने मोजलं. मग मागच्या बाजूने मोजलं. दोन्ही सारखी यायला हवीत.

अकरा मिलिमीटरचा फरक.

पट्टी खोटी असेल म्हणून दुसरी घेतली. अकराच.

गाडीखाली गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधली. उजवीकडे दोरी नळीला चिकटून, डावीकडे मध्ये बोट जाईल एवढी फट. फट सुरू होते ती बरोबर माझ्या वेल्डिंगपाशी. शिंप्याच्या टिपेसारखा सरळ टाका. निवताना वेल्डिंग लोखंडाला ओढतं, हे कोणीही शिकाऊ सांगेल. मी वेल्डिंग केल्यावर मोजलंच नव्हतं. टाका सुरेख दिसत होता, मग मोजायचं कशाला?

नळी वाकडी, त्यात ॲक्सल सरळ. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो थोडा वाकणार, पुन्हा सरळ होणार. वाकणार, सरळ होणार. नवा घाला, जुना घाला, गोगलगाय बसवा नाहीतर देव बसवा. काका म्हणाले होते, कोणीतरी याला रोज वाकवत होतं.

मी गाडीखाली पडून राहिले. तेल टपकत होतं गालावर. पुसलं नाही.

घरी येऊन ही वही काढली. तीन मार्चला तो म्हणाला, गाडी डावीकडे बसल्यासारखी चालते. चौदाला म्हणाला, टायर आतून झिजतोय. एकतीसला म्हणाला, जॅकवर घे, मोजून बघ. माझ्याच अक्षरात लिहिलंय सगळं. त्याची थट्टा करायला लिहून ठेवलं होतं मी.


शुक्रवार, २२ मे

दोन दिवस त्याच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. आज झालं, आणि झालं ते भांडणच झालं.

मी त्याला अकरा मिलिमीटर सांगितले. तो म्हणाला, "हं."

त्या 'हं'ने माझं डोकंच फिरलं. "तुला ठाऊक होतं तर ओरडून का नाही सांगितलंस? बाईंच्या समोर का नाही सांगितलंस? मी तुझ्यावर खोटं लिहून दिलं आणि तू साधूसारखा उभा राहिलास! कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला?"

बावीस वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडलेला नाही. आज ओरडला. हातातली बादली त्याने अशी आदळली की पाणी भिंतीवर गेलं.

"तीनदा सांगितलं! चौथ्यांदा सांगायला मी काय पोपट आहे तुझा? तू ऐकतेस का कधी? तुझ्यापुढे मी ड्रायव्हर असतो, घरीसुद्धा! आणि बाईंसमोर सांगायचं? सगळ्यांनी तुला डोक्यावर घेतलेलं त्याच कामावरून? नाही जीभ उचलली माझी. पण मोठेपणा वगैरे काही म्हणू नकोस. गाडी वाकडी आहे हे मला कळत होतं आणि तरी मी सिस्टरना त्यात बसवत होतो. रोज. चावी टाकून 'नाही नेत' म्हणायला हवं होतं मी. तुझी अब्रू सांभाळली आणि बोटं तिची गेली. आता सांग, तू कशाला चिडतेस? चिडायचं तर तिने चिडायचं!"

 सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत गेल्या, फडकं आणलं आणि भिंत पुसायला लागल्या. म्हणाल्या, "चला, एकदाचं पाणी वाहिलं."


शनिवार, २३ मे

मोठ्या बाईंना नवा कागद दिला. 'दहा एप्रिलचा माझा अहवाल चुकीचा आहे. हाउसिंगची दुरुस्ती मी केली. दुरुस्तीनंतर मोजमाप केलं नाही. चालकाने तीन वेळा सूचना देऊनही दखल घेतली नाही.' खाली सही.

बाईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मी पाहुण्यांना तुमचं वेल्डिंग दाखवलं होतं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मला आरडाओरड्याची भाषा कळते.


सोमवार, २५ मे

सिस्टरच्या घरी गेले. त्या डाव्या हाताने लिहायचा सराव करत होत्या. पहिलीतल्या मुलांच्या वह्या असतात तसल्या दुरेघी वहीत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सगळ्यांना खरं सांगून झालं?"

"हो."

"मन हलकं झालं?"

मी त्यांच्या वहीतल्या रेघांकडे बघितलं.

"मला सुई धरता येत नाही. अठरा वर्षं बाळांना सुई टोचतेय, आई म्हणतात, सिस्टरच्या हाताने पोर रडत नाही. तुम्ही खरं बोललात, फार चांगलं केलंत. जा आता. तुमच्याकडे बघितलं की मला फार राग येतो, आणि आज मला राग नकोय, आज मला 'क' काढायचा आहे."

मी निघाले. दारात पोचल्यावर मागून म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला सांगा, मी परत चढावर जाईन तेव्हा गाडी तेच चालवतील. दुसरं कोणी नको."

मला क्षमा नाही केली त्यांनी. का करावी?


सोमवार, १ जून

निकाल लागला. हेड मिस्त्रीचं पद सहा महिन्यांसाठी काढलं. काम चालू, पण टर्नरकाका रोज दोन तास येऊन माझं काम तपासणार. नवरा पुन्हा गाडीवर. आणि नवा नियम: मिस्त्रीच्या एकट्या सहीवर गाडी बाहेर जाणार नाही. ड्रायव्हरचीही सही लागणार. ड्रायव्हर नाही म्हणाला की गाडी उभी.

चौघे ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय बोलते म्हणून. मी म्हटलं, "ठीक आहे." गोगलगायने तर सुटकेचा सुस्कारा सोडला मेल्याने.


बुधवार, १५ जुलै

नवं हाउसिंग महिन्याच्या सुरुवातीला आलं, आज बसवून झालं. मोजलं. काकांनी मोजलं. मी पुन्हा मोजलं. पुढून-मागून अंतर तंतोतंत. मग वाळूची पोती भरून गाडी त्याच चढावर तीनदा चढवली. मी शेजारी बसले होते, खिडकीबाहेर डोकं काढून. काही नाही. लोण्यासारखी चालली.


गुरुवार, १६ जुलै

आज तीन नंबरची पहिली फेरी. सिस्टर येणार होत्या, सुई टोचायला नाही, नव्या सिस्टरला वस्त्या दाखवायला. मी पहाटेपासून गाडी पुसून तयार. काकांची सही झाली, माझी झाली.

नवऱ्याने आवारात एक चक्कर मारली, उतरला, आणि म्हणाला, "सही नाही करत. मागून आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"बारीक. टक-टक असा. वळताना."

मी शेजारी बसले. चक्कर मारली. दोनदा मारली. कसलाही आवाज नाही. पंधरा दिवस जीव काढलाय या गाडीसाठी, तीन तीनदा मोजलंय, आणि हा म्हणतो टक-टक! ओठांवर आलं होतं की कान तपासून घे. सिस्टर पायरीवर बसून बघत होत्या. 

गाडी जॅकवर घेतली. दोन्ही चाकं उतरवली. ड्रम काढले, ॲक्सल बाहेर ओढले, बेअरिंग हातावर फिरवून बघितली, एकेक नट पुन्हा आवळला. साडेतीन तास. फेरी दुपारवर गेली. काही म्हणजे काही सापडलं नाही.

सगळं परत बसवलं. त्याने पुन्हा चक्कर मारली, वळवली, कान देऊन ऐकलं.

"आता येत नाही," म्हणाला.

"आधीही येत नव्हता."

"नसेलही," म्हणाला, आणि सही केली.

नसेलही! साडेतीन तास! मी हातातलं फडकं फेकलं ते टर्नरकाकांच्या चहात पडलं. सिस्टर पुढच्या सीटवर चढल्या, त्याच्या शेजारी. दार लावताना माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, पण बघितलं. गाडी फाटकाबाहेर गेली.

संध्याकाळी सगळे सुखरूप परत आले. मी अजून चिडलेली आहे. आणि उद्या तो पुन्हा म्हणाला की आवाज येतो, तर पुन्हा चाकं उतरवीन. चरफडत उतरवीन, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उतरवीन, पण उतरवीन.